बाथरूमच्या बिलाबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाथरूमच्या कामाबद्दल ठेकेदाराविरुद्धची तक्रार सोमवारी ग्राहक आयोगात दाखल केली. आधी विचारलं नाही, कारण बाबा ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणाले असते, आणि आई म्हणाली असती, ‘जाऊ दे, गावात तोंड दाखवायचंय.’ दोन्ही मला पटलं असतं आणि पावसाळा आला असता. कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे हे खरं, पण ओल मुदत बघून पसरत नाही.

तुमच्यापैकी कोणालाही कुठलीही पायरी चढायची नाही. कोटेशन माझ्या नावाचं, बँकेतून पैसेही माझेच गेले, त्यामुळे तक्रारदार मी. २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, म्हणून साताऱ्याऐवजी पुण्यात केली, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. लघुवाद न्यायालयात का नाही, हे बाबा विचारणारच: तिथे मुख्यतः घरमालक-भाडेकरूंची भांडणं चालतात.

बाबा, त्या दिवशी तुमची हिरवी गोटी मी घेतली होती ना, ती ह्याचसाठी. फरशीच्या मधोमध ठेवली, तर जाळीकडे जायची सोडून दाराकडे निघाली. बाथरूम ७ फूट लांब आहे. दारापासून जाळीपर्यंत साधारण इंचभर उतार हवा. इथे जाळीखालचा नाहणी ट्रॅपच वर बसवलाय, मग मिस्त्रीने फरशी त्याला जुळवून घेतली आणि उतार उलटा पडला. तुम्ही रोज वायपरने पाणी ओढता ते ह्यामुळे. जाळी काढून साफ करण्याचा काही उपयोग नाही, तुमची चूक नाहीये ती.

दुसरं, भिंत. एक रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघितली. ९८ पैकी ३१ टाइल ‘ठक्’ऐवजी ‘डब डब’ वाजतात. मागे मसाला सगळीकडे पसरायच्या ऐवजी मधे एक गोळा लावून टाइल दाबली की कोपरे पोकळ राहतात. आणि कमोडजवळची आधाराची दांडी नेमकी अशाच एका कोपऱ्यात, प्लास्टिकच्या गिट्टीवर बसवलीय. ती दांडी माणसाचं वजन घेणार नाही. मला रात्री झोप लागत नाही ती बिलामुळे नाही, ह्या दांडीमुळे.

वॉटरप्रूफिंगचं तर ठेकेदाराने स्वतःच सिद्ध करून दिलं. कोटेशनमध्ये लिहिलंय, ‘दोन हात कोटिंग आणि ४८ तास पाणी साठवून चाचणी’. त्यानेच मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते: शुक्रवारी दुपारी ४ वाजता कोरडा, कोटिंग नसलेला स्लॅब, शनिवारी सकाळी ११ला त्यावर अर्धी फरशी. मधल्या १९ तासांत ४८ तासांची चाचणी कशी होणार? खालच्या काकूंच्या छताला ओल आली ती उगाच नाही. हे फोटो पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते जोडलंय. मूळ मेसेज मात्र फोनवरच राहायला हवेत. आई, तुझ्या फोनमधलंही त्याचं काही पुसू नकोस, ‘गुड मॉर्निंग’सुद्धा.

आता बिल. ठरले होते १,८५,०००. दिले १,४०,०००. बिल आलं २,४८,०००चं, म्हणजे ६३,००० ‘जादा काम’. टाइल लावली म्हणतो २६० चौरस फूट. मी टेप लावली: घेर २४ फूट, उंची ७ फूट, म्हणजे १६८. दार आणि खिडकी वजा केली की १४७.५. फरशी ३५. एकूण १८२.५. तुटफूट दहा टक्के धरली तरी माल २०० फुटांच्या आसपास, आणि तुटफूट मालावर लागते, मजुरीवर नाही. त्याने दोन्हींवर २६०च लावलेत. बाकीच्या जादा कामाला एकही लेखी कागद नाही.

आई, गीझरचा जास्तीचा पॉइंट तू सांगितला होतास, त्याचे ३,५०० मी मान्य केलेत. तू संकोचू नकोस, तो लागणारच होता. कमोड आणि पाइपचं काम नीट झालंय, तेही तक्रारीत लिहिलंय. सगळंच वाईट म्हटलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणजे ठरलेल्यातले राहिलेले ४५,००० धरून आपण त्याचे ४८,५०० देणं लागतो. फरशी फोडून नवीन वॉटरप्रूफिंग आणि टाइल करायला इंजिनियरने ७४,००० काढलेत. वरचे २५,५०० आणि खर्च, एवढीच मागणी आहे. लाखांचा आकडा टाकायचा सल्ला पुष्कळांनी दिला, मला तो हावरट वाटला.

बाबा, तुम्ही त्याला हातात दिलेले २०,००० वाया गेलेले नाहीत, वरच्या १,४०,०००मध्ये ते धरलेत. पावती नसली तरी ‘काकांकडून मिळाले’ असा त्याचा मेसेज आहे. तुम्ही माणुसकीने दिलेत, मी तिथे असते तर मीही दिले असते. खरं तर फोनवरून काम ठरवणारी मीच. बघायला यायला हवं होतं.

पुढचं असं. तक्रार दाखल करून घेतली की त्याला नोटीस जाईल. उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. कायदा तीन ते पाच महिने म्हणतो, तारखा पडतातच, वर्षभर धरून चालू या. आई, त्याला कोणी तुरुंगात टाकत नाहीये. आदेश धुडकावला तरच शिक्षेचा प्रश्न येतो. मध्यस्थीतही मिटू शकतं आणि तो सरळपणे बोलला तर मी मिटवीन.

तोवर तो घरी आला तर चहा दे, देशीलच. पण बाबा, सही कशावरही करायची नाही, विशेषतः ‘काम समाधानकारक झाले’ अशा कागदावर. ‘फुकट दुरुस्त करून देतो’ म्हणून हातोडा घेऊन आला तर आधी मला फोन. काम वाईट होतं हे आपल्यालाच सिद्ध करायचंय, आणि फरशी उखडली की पुरावाही उखडला. इंजिनियरचा अहवाल झालाय, पण आयोगाने पाहणीला तज्ज्ञ नेमला तर त्याला जागा तशीच दिसायला हवी.

म्हणून अंघोळ जुन्या बाथरूममध्येच. बादली अर्धीच भरा, दोन खेपा घाला. स्टूल आणि रबरी मॅट शुक्रवारपर्यंत कुरिअरने येईल. मॅटचे चोषक खालच्या बाजूला. आई, ती आतल्या खोलीत जपून ठेवायची वस्तू नाही. दांडीला मी लाल चिंधी बांधून आलेय, ती सोडू नका आणि दांडीला हात लावू नका. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, पेपर वाचून झाल्यावर नाही.

हिरवी गोटी माझ्या पर्समध्येच राहिली. पुढच्या रविवारी आणते.

तुमची,
चिमी