पवनचक्की हवी, पण वारा मोजून

महोदय,

‘साताऱ्यात चालते, मग आमच्या माळावर का नाही?’ असं पवनचक्कीबद्दल गावात सर्रास विचारलं जातं. गोम वेगात आहे. वेग निम्मा झाला की वाऱ्यातली ऊर्जा एक अष्टमांशच उरते. सेकंदाला साधारण ३ मीटरखाली चक्की वीजच देत नाही आणि २५ च्या वर बहुतेक यंत्रं स्वतःहून थांबतात. म्हणजे आपलं मे महिन्यातलं वावधान फक्त टिनपत्रे उडवण्यापुरतं! शिवाय ४५ अंशांची हवा विरळ. १५ अंशांच्या हवेपेक्षा त्याच वेगाला नऊ-दहा टक्के ऊर्जा कमी. तेव्हा कोणी वावर भाड्याने मागायला आलं, तर चक्कीच्या उंचीवर वर्षभर घेतलेली वाऱ्याची मोजणी आधी मागावी. कागद नंतर.

– एक शेतकरी, जि. अमरावती