खिडकी उघडी का असते आणि बाकीचं सगळं

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, आज्जीला पण. बंटीला नाही, तो माझ्या मेसेजला नुसता अंगठा टाकून सोडतो.

रोज फोन होतोय तर पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण फोनवर काय होतं, तू विचारतेस जेवलीस का, मी म्हणते जेवले, बाबा मागनं विचारतात थंडी किती हाय, मी सांगते, मग फोन आज्जीकडं जातो, तिला ऐकू येत नाही, ती नुसतीच हसते आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून बसून टाईप केलंय. बंटी, याची प्रिंट काढ, अक्षर मोठं कर म्हणजे बाबांना चष्मा शोधायला नको, आणि आज्जीला सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नको.

आधी खिडकीचं सांगते म्हणजे तो विषय संपेल. परवा व्हिडिओ कॉलवर मी जॅकेट घालून बसलेली दिसले, मागं खिडकी सताड उघडी, आणि आई तू जे सुरू केलंस ते थांबलीच नाहीस. हीटर बिघडलेला नाही. पैसे वाचवायला बंद पण ठेवलेला नाही. घरमालकीण चांगली आहे. मला सर्दी झालेली नाही, तो आवाज फोनचा होता. इथं जर्मनीत पद्धतच तशी आहे. बाहेर बर्फ पडू दे नाहीतर काही होऊ दे, दिवसातनं दोन-तीन वेळा घरातल्या सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या, पाच-दहा मिनिटं समोरासमोरचं वारं आरपार जाऊ द्यायचं, आणि मग बंद करायच्या. उघडायच्या आधी हीटरचा नॉब शून्यावर आणायचा, नाहीतर गरम हवा रस्त्यावर आणि बिल आपल्या डोक्यावर. नुसती फट ठेवून चालत नाही, ते पाप आहे, त्यानं भिंत गार पडते आणि ओल तशीच राहते. खिडकीचा दांडा पण बघण्यासारखा आहे, खाली असला की बंद, आडवा केला की खिडकी दारासारखी आत उघडते, आणि सरळ वर केला की नुसती वरनं आत झुकते. पहिल्यांदा ती अशी झुकली तेव्हा मला वाटलं निखळली, मी दोन्ही हातांनी धरून उभी. कारण असं आहे की इथली घरं थंडीसाठी इतकी घट्ट बांधलेली असतात की अंघोळीची वाफ, स्वयंपाकाची वाफ, आपला श्वास, काहीच बाहेर जात नाही, सगळं भिंतीवर बसतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. आपल्याकडं पावसाळ्यात कपाटातल्या लेदरच्या पर्सवर येते ना, तीच. ती आली की भांडण भाडेकरूशी, तू वारं दिलं नाहीस म्हणून. माझ्या भाड्याच्या करारात पण हे लिहिलंय, वारं देणार म्हणून मी सही केलीय. ऑफिसात पण मीटिंगच्या मधे कुणीतरी उठतं, न विचारता खिडकी उघडतं, आम्ही सगळे कुडकुडत बसतो आणि ते लोक म्हणतात वा, छान. तर आई, पुढच्या वेळी खिडकी उघडी दिसली की समजायचं पोरगी नियमानं वागतेय.

आता मी राहते त्या गावाचं. पहिल्या गल्लीतल्या काकूंच्या मुलानं तुम्हाला सांगितलं की ड्यूसबुर्ग म्हणजे बंद पडलेल्या कारखान्यांचं शहर, डेंजर भाग, तिथं कुणी राहत नाही. तो जर्मनीत राहतो तो म्युनिकला, इथं आलाय कधी? माणसं म्हणाल तर आपल्या बेळगावएवढीच, पाच लाखाच्या आसपास. कोळशाच्या खाणी बंद झाल्या, बरेचसे लोखंडाचे कारखाने बंद झाले हे खरं, नोकऱ्या गेल्या हे पण खरं, दुकानं रिकामी दिसतात. पण पोलाद अजून बनतंय इथं, उत्तरेकडच्या भागात रात्री कधी कधी आभाळ एकदम नारंगी होतं. जिथं रूर नदी ऱ्हाईनला मिळते तिथं पोर्ट आहे, समुद्र नाही तरी पोर्ट, आणि नदीवरच्या बंदरांत ते युरोपातलं सगळ्यात मोठं मानतात. मी रात्री दहाला ट्रामनं येते, काही होत नाही. बरं, नऊला.

बाबा, हा भाग तुमच्यासाठी. ९०३ नंबरची ट्राम पकडली की उत्तरेला एक पार्क लागतं, लांडशाफ्ट्सपार्क. पार्क म्हटल्यावर मी झोपाळे, कारंजी धरून गेल्ते. तर तो आख्खा लोखंडाचा कारखाना आहे. १९०१ मधे ऑगस्ट थिसेनच्या कंपनीनं बांधायला घेतलेला, १९८५ ला बंद पडला. पाडायचंच घाटत होतं, पण लोक आडवे आले, आणि मग पेटर लाट्झ म्हणून आर्किटेक्ट, त्यानं बहुतेक सगळं तसंच ठेवून तिथंच बाग केली आणि १९९४ ला ते लोकांना खुलं झालं. तिकीट नाही, गेटवर विचारणारं कुणी नाही, रात्री पण उघडं असतं. ५ नंबरची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातनं लोखंड काढायची भट्टी, तशीच उभी आहे आणि तिच्या टोकापर्यंत चढता येतं, ७० मीटर. जिना लोखंडी जाळीचा, पायाखालनं सगळं खालचं दिसतं, अर्ध्यात मी थांबले आणि वरनं एक पाच वर्षांचं पोर उड्या मारत खाली आलं म्हणून लाजेनं पुढं चढले.

तुमच्या फाउंड्रीतल्या क्युपोलाचा, लोखंड वितळवायच्या त्या भट्टीचाच हा थोरला भाऊ बाबा. वरनं कोक, चुनखडी आणि मातीतनं काढलेलं खनिज, खालनं तापवलेली हवा. हवा तापवायचे स्टोव्ह शेजारी रांगेनं, आपल्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच. खाली कास्टिंगच्या शेडमधे टॅप होल आहे, वितळलेलं लोखंड बाहेर सोडायचं भोक, त्याच्या पुढं लोखंड वाहायच्या नाल्या आहेत, आणि बाजूनं स्लॅग, म्हणजे वरची मळी, वेगळा जायची नाली. मला कुणी सांगावं लागलं नाही, बोर्ड जर्मनमधे होता तरी मला सगळं कळलं. तिथं एक म्हातारा नातवाला दाखवत होता, त्याचं बोलणं मला अर्धंच समजलं, पण टॅप होलकडं बोट करताना त्याचा दुसरा हात आपोआप तोंडासमोर आडवा आला, कोपरातनं वाकवून. इतकी वर्षं झाली बंद होऊन आणि हात अजून धग लागेल म्हणून वर जातो. तुम्ही टीव्हीवर वेल्डिंग दिसलं तरी तसंच करता.

तुमची फाउंड्री बंद पडली तेव्हा क्युपोला गॅस कटरनं कापून भंगारात घातला आणि आता उद्यमबागेत त्या जागी गोडाऊन आहे. तुम्ही त्या रस्त्यानं स्कूटर नेत नाही, हे मला ठाऊक आहे. आई मागच्या पायरीवर तुमच्या पँटचे खिसे झटकायची, काळी वाळू पडायची, ती आज्जी तुळशीच्या कुंडीत टाकायची म्हणून आई ओरडायची. हे सगळं मला तिथं जाळीवर उभं राहून आठवलं, दुसरीकडं कुठं आठवलं नसतं.

आणखी ऐका. पिग आयर्न, म्हणजे भट्टीतनं निघालेलं कच्चं लोखंड, ओतायच्या जागच्या लोखंडी प्लेटा होत्या, एकेक सात-आठ टनाची, तशा ४९ प्लेटा उचलून त्यांनी चौकात फरशीसारख्या मांडल्यात आणि त्यावर कार्यक्रम होतात. भंगाराचा भाव डोक्यात आला की नाही तुमच्या? माझ्यापण आला. खनिजाच्या मोठमोठ्या काँक्रीटच्या हौदांत काही ठिकाणी फुलझाडं लावलीत, काहींच्या भिंतीवर लोक दोर बांधून चढायला शिकतात. गॅसची गोल टाकी पाण्यानं भरलीय, १३ मीटर खोल, त्यात पाठीला हवेची टाकी लावून बुड्या मारतात, मुद्दाम एक बोट बुडवून ठेवलीय बघायला. (आई, मी उतरले नाही. उतरणार पण नाही.) शेजारनं एक नाला जातो, तो पूर्वी उघडं गटार होता, आता घाण पाणी जमिनीखालनं पाईपानं नेलंय आणि वरच्या नाल्यात फक्त पावसाचं पाणी. आपल्या बेळ्ळारी नाल्याचा विषय इथं काढत नाही, बाबांचं बीपी वाढेल.

बाकीच्या जागा थोडक्यात. जस्ताच्या कारखान्याच्या स्लॅगच्या टेकडीवर एक रोलर कोस्टर आहे पण त्यात गाडी नाही, आपणच पायऱ्या पायऱ्यांनी चालायचं, जिथं तो उलटा गोल होतो तिथं मात्र वाट बंद केलीय, साहजिक आहे. रूरोर्टला पोहायच्या जुन्या इमारतीत बोटींचं म्युझियम आहे, जिथं पोहायचे त्या हॉलमधे आख्खं शिडाचं जहाज ठेवलंय, ते मला फार आवडलं, गर्दी अजिबात नसते. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर टपऱ्या. पूर्वी कामगारांनी दारू सोडून सोडावॉटर प्यावं म्हणून त्या निघाल्या म्हणे, आता बियर पण तिथंच मिळते. लहान पोरं चार-चार गोळ्या मोजून कागदी पिशवीत भरून घेतात आणि टपरीवाली बाई एकेक गोळी चिमट्यानं उचलते, मागं रांग लागली तरी घाई करत नाही.

१ नोव्हेंबरला आपल्याकडं कर्नाटक राज्योत्सवाची असते तशी इथंही सुट्टी असते. इथले लोक त्या दिवशी स्मशानात जाऊन आपापल्या माणसांच्या कबरीवर लाल काचेतले दिवे लावतात, संध्याकाळी सगळी जागा लाल दिसते. मी बघत उभी होते आणि डोक्यात आपलं बेळगाव, बाबा काळ्या दिवसाच्या फेरीला गेले असतील, बस बंद असतील, पोलीस असतील. म्हणून फोन केला होता, आईला वाटलं मी पैशासाठी केलाय. बाबा, तुम्ही जायचं तर जा, मी अडवत नाही, पण बीपीची गोळी घेऊन जा आणि उन्हात उभं राहू नका.

आता मुद्द्याचं. त्याच ९०३ नंबरच्या ट्रामनं अजून पुढं गेलं की मार्क्सलो लागतं. खाणीत, पोलादात काम करायला १९६१ नंतर तुर्कस्तानातनं माणसं आली, त्यांची वस्ती. तिथल्या एका रस्त्यावर लग्नाच्या कपड्यांचीच दुकानं, एकाला लागून एक, पांढरे फुगीर झगे, मधेच सोनाराची पेढी, हॉलंड-बेल्जियममधनं लोक बस्ता बांधायला येतात. मी बंटीच्या होणाऱ्या बायकोसाठी म्हणून एक भरतकामाची ओढणी बघत होते तर दुकानातली बाई विचारते, तुमचं कधी? आई, म्हणजे हे तू तिकडनं पाठवलेलंच माणूस असणार.

त्या पुण्याच्या स्थळाचा फोटो बघितला. चांगला आहे. पण आत्ता नको, आणि आत्ता नको म्हणजे कुणीतरी इथं आहे असं नाही, ते आत्यानं उगीच काढलंय. थोरली बिनलग्नाची आणि धाकट्याचं आधी, असं चंदगडची, तिच्या माहेरची मंडळी बोलली असतील तर त्यांना सांगा आमच्या थोरलीनंच होकार दिलाय. बंटीनं माझ्यासाठी थांबायचं नाही, त्याची होणारी बायको का म्हणून थांबेल?

कार्यालयाचा ॲडव्हान्स मी भरते, दीड लाख बाबांच्या खात्यात या आठवड्यात येतील. मांड्यांची ऑर्डर आणि आज्जीचं लुगडं पण माझ्याकडं. बाबांनी सोसायटीतनं कर्ज काढायचं काही बोलायचं नाही. आणि डोळ्याचं ऑपरेशन लग्नानंतर वगैरे नाही, आधी करून घ्या, त्याचे वेगळे पाठवलेत, ते लग्नात घालू नका, मला बंटीकडनं कळतं सगळं.

साखरपुड्याला मला जमत नाही, ते तुम्ही धरूनच चाललाय. लग्नाला येते, तिकीट काढलंय, फेब्रुवारीत हळदीच्या आदल्या रात्री सांबऱ्याच्या विमानतळावर उतरीन, आठवडाभर आहे. जास्त रजा मागायला तोंड नव्हतं कारण कंपनीनं काँट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढवलंय आणि मी सही केलीय. हे फोनवर सांगणार होते, दोनदा तोंडापर्यंत आलं, आई तू कुंद्याचं काहीतरी सांगत होतीस. दोन वर्षं म्हणजे फार नाही. एज्युकेशन लोन त्यात पूर्ण फिटतं, आणि मधे बाबांना व्हिसा काढून इथं आणायचं माझ्या डोक्यात आहे, आई तू पण, तुला विमानात खिडकी मिळेल. रागावू नका. रागावलात तर फोन उचला तरी.

आज्जीला सांगा मी रोज डाळ-भात खाते.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, पासपोर्टचा फॉर्म बंटीला भरू दे, पत्ता आधारवर आहे तसाच घालायचा, आधारवर गल्लीचं नाव चुकलंय ते आधी दुरुस्त करून घ्या. आणि पैसे आल्याचा मेसेज आला की कुणी बँकेतनं बोलतोय म्हणून फोन केला तर ओटीपी सांगायचा नाही, कितीही गोड बोलला तरी.