सायडेरियल डायल रोज साडेतीन सेकंद जास्त पळतोय, रेग्युलेट करून हे सुटणार नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार, तुमचं सायडेरियल (म्हणजे ताऱ्यांप्रमाणे चालणारी नाक्षत्र वेळ दाखवणाऱ्या) डायलवालं ऑटोमॅटिक घड्याळ मी टेलिस्कोपसाठी घेतलं, आत्ता कुठला विषुवांश (ताऱ्याचा आकाशातला 'रेखांश', तास-मिनिटांत) याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आहे ते मनगटाकडे बघून कळावं एवढंच हवं होतं. फिनिशिंगबद्दल काही म्हणणं नाही, खरंच सुंदर आहे, पण ज्याचे पैसे मोजले तो डायलच चुकतोय. जानेवारीत लावलं, एकदाही बंद पडू दिलं नाही, मुख्य काटे मोबाईलशी जुळवत राहिलो (क्राउनने, म्हणजे बाजूच्या किल्लीने, दोन्ही डायल एकत्रच सरकतात) आणि मे महिन्यात चित्रा तारा याम्योत्तरावर आला तेव्हा डायलवर त्याचा विषुवांश, 13 तास 26 मिनिटं, पाहिजे होता तर 13:34 दिसत होते. आठ मिनिटं म्हणजे आकाशात 2 अंश, आयपीसमध्ये तारा सापडतच नाही.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात मेकॅनिकल आहे, थोडं पुढेमागे होणारच, रेग्युलेट करून (घड्याळाची गती कमीजास्त करून) देतो. अहो पण दोन्ही डायल एकाच बॅलन्स व्हीलवर (घड्याळाची गती ठरवणाऱ्या चाकावर) चालतात, घड्याळ पुढे गेलं तर दोन्ही मिळून पुढे जातील, त्यांच्यातला फरक ठरतो चाकांच्या दात्यांवर, तो रेग्युलेट करून बदलत नाही! नाक्षत्र दिवस 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांचा, म्हणजे सायडेरियल काटा रोज सुमारे 3 मिनिटं 56.5 सेकंद पुढे जायला हवा, तुमचा चक्क 4 मिनिटं जातो. हे जास्तीचे साडेतीन सेकंद महिन्याला पावणेदोन मिनिटं होतात, वर्षाला जवळपास 21.

61, 73, 72 आणि 60 दात्यांची चार चाकं लावली तरी 366/365 हे गुणोत्तर (365 दिवसांत नाक्षत्र दिवस 366) मिळतं आणि वर्षाला मिनिटभरही चूक येत नाही. इंग्लिश घड्याळजी जॉर्ज डॅनियल्सनी 1982 साली आपल्या 'स्पेस ट्रॅव्हलर' या घड्याळामध्ये दोन्ही वेळांसाठी दोन वेगळ्या गिअर ट्रेन (चाकांच्या मालिका) बसवल्या होत्या. तेवढं मी मागत नाहीये, पण दात्यांचा हिशोब तरी बरोबर हवा ना.

अजून एक, नाक्षत्र वेळ आपल्या रेखांशाप्रमाणे लावावी लागते, पण माहितीपुस्तिकेत रेखांशाचा उल्लेखच नाही. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, पुणे 74 अंशांच्या जवळ, पुस्तिकेप्रमाणे लावलं तर पहिल्याच दिवशी 35 मिनिटं चुकतात, नवीन माणसाला हे कसं कळणार?

तेव्हा सायडेरियलच्या चाकांचे दाते किती ते लेखी कळवा आणि वॉरंटीमध्ये योग्य चाकं बसवून द्या, ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा. रेग्युलेट करण्यासाठी घड्याळ पुन्हा पाठवणार नाही.

आपला,
एक ग्राहक, पुणे