काकांना, लँकॅस्टरच्या काचेबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "ते राहू दे, प्रायमर कोणता मारलास ते सांग" म्हणत विषयच बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. इथे तुम्हाला मध्येच अडवता येणार नाही. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ज्यांच्या घरी तुमची पार्सलं पोचली आहेत, ते ओळखतीलच.

इतरांसाठी आधी हकिगत सांगते. माझ्याकडे लँकॅस्टर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बरचं १/७२ मापाचं एक जुनं किट होतं, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून मॉडेल बांधायचं. खोकं सीलबंद, आतल्या पिशव्या शाबूत, पण पारदर्शक भागांच्या पिशवीत कॉकपिटची कॅनॉपीच, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक आवरणच, नव्हतं. पॅकिंगच्या वेळीच राहून गेलं असणार. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की तो साचा आता वापरात नाही, सुटे भाग मिळणार नाहीत. दुसरं एखादं विमान असतं तर एक वेळ भागवून नेलं असतं. लँकॅस्टरचा मात्र चेहराच काचेचा. नाकाशी बॉम्ब-एमरचा, म्हणजे नेम धरून बॉम्ब टाकणाऱ्याचा घुमट, त्याच्या वर बंदुकांचा फिरता टरेट, मग वैमानिकाचं ते उभ्या-आडव्या पट्ट्यांचं काचघर. तेच नसेल तर उरलेलं विमान कितीही नीट जमवा, बघणाऱ्याची नजर त्या भोकावरच जाणार.

ही रड मी ओळखीच्या मॉडेलवाल्यांपुढे मांडली. ती फिरत फिरत तुमच्या कानावर गेली, आणि एके दिवशी पार्सल आलं. आत काड्यापेटी, काड्यापेटीत कापूस, कापसात कॅनॉपी. बोटाच्या जेमतेम दोन पेरांएवढी, एकही चरा नाही. तुम्ही ती सुटी न करता स्प्रूच्या, म्हणजे किटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात तिच्या, बोटभर तुकड्यासकट कापली होती, म्हणजे मला धरायला दांडी राहावी. तेवढ्यावरूनच कळलं की पाठवणाऱ्या माणसाने आधीच माझ्या जागी बसून सगळा विचार केला आहे.

मला वाटलं, तुमच्या भंगाराच्या डब्यातली असेल. प्रत्येक मॉडेलवाल्याकडे असतो तसा, उरलेली चाकं, पंखे, अँटेना यांचा डबा. नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं की तुम्ही तेच किट स्वतःसाठी जपून ठेवलं होतं आणि त्याचं सील माझ्यासाठी फोडलं. न उघडलेलं जुनं किट म्हणजे काय चीज असते, ते या छंदातल्या माणसाला सांगायला नको. आपण सगळेच जन्मात बांधून होणार नाहीत इतकी खोकी जमवतो, आणि त्यातलं एकही कमी करायचं म्हटलं तर पोटात गोळा येतो. तुम्ही ते एका अनोळखी बाईसाठी अपुरं करून टाकलंत, आणि चकार शब्द काढला नाहीत.

सोबत बारीक अक्षरातली चिठ्ठी होती, ती मी अजून टेबलाशी लावून ठेवली आहे. पहिलंच वाक्य: "इन्स्टंट ग्लू लांब ठेव." त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि काच पांढुरकी होते, हे तुम्ही कारणासकट लिहिलं होतं. मॉडेल जोडायचं नेहमीचं सिमेंटही नको, कारण ते नुसतं चिकटवत नाही, किटचं प्लॅस्टिक (पॉलिस्टायरिन) विरघळवून दोन भाग एकजीव करतं. थेंब भलतीकडे ओघळला की काच गेलीच. म्हणून पांढरा डिंक. ओला असेपर्यंत पाण्याने पुसता येतो, वाळला की दिसत नाही, आणि कडेची बारीक फटही भरून काढतो. पण त्याआधी अख्खी कॅनॉपी चकचकीत अ‍ॅक्रिलिक वार्निशमध्ये बुडवायची, खालच्या कडेला साचलेला थेंब टिश्यूच्या टोकाने शोषून घ्यायचा आणि वर वाटी पालथी घालायची, म्हणजे धूळ बसत नाही. मी वाटी उचलली तेव्हा ते प्लॅस्टिक आहे हेच क्षणभर खरं वाटेना.

पट्ट्यांच्या रंगाचं तर तुम्ही फोनवर शेजारी बसल्यासारखं करून घेतलंत. मास्किंग टेप टूथपिकने फ्रेमच्या कडेत दाबायची, नव्या ब्लेडने कापायची. "नवं म्हणजे नवं, कालचं नाही." आधी कॉकपिटच्या आतला रंग मारायचा, त्यावर बाहेरचा. काचेतून पहिला थर आतल्या बाजूला दिसतो, त्यामुळे पट्ट्या आतून एका रंगाच्या आणि बाहेरून दुसऱ्या रंगाच्या होतात. एवढीशी गोष्ट, पण मला कुठल्याही सूचनापत्रकात सापडली नव्हती.

त्या फोनांमध्ये काचेपेक्षा गप्पाच जास्त झाल्या, आणि त्यांचे आभार वेगळे. १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच हे तुम्ही सांगितलंत, आणि मग सगळे हिशेब तोंडी व्हायला लागले. खऱ्या लँकॅस्टरचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०२ फूट, म्हणजे माझे १७ इंच. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' ही प्लॅस्टिकची पहिली किटं निघाली ती याच मापात, आणि युद्धात विमानं ओळखायला शिकवण्यासाठी जी काळी मॉडेल्स वापरली तीही याच मापाची. रणगाड्यांच्या १/३५ ची गोष्ट मात्र मला जास्त आवडली. टामिया या जपानी मॉडेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला, तो आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढ्या आकाराचा. नंतर मोजलं तर ते साधारण १/३५ भरलं, आणि आज सगळं जग त्याच मापात रणगाडे बांधतं. "म्हणजे बॅटरीने माप ठरवलं," म्हणून तुम्ही किती वेळ हसत होतात!

पण तुमचं खरं ऋण आहे ते बघण्याबद्दलचं. मी आतापर्यंत मॉडेल्स वरून बघायचे, टेबलावर ठेवलेल्या कुठल्याही वस्तूसारखी. तुम्ही म्हणालात, "अगं, त्या मापाच्या माणसाच्या उंचीवर डोळे आण." १/७२ मध्ये सहा फुटी माणूस इंचभर. मी हनुवटी टेबलाला टेकवली, आणि ते विमान अंगावर आलं. चाकं खांद्याच्या वर, इंजिनं डोक्यावर, बॉम्ब ठेवायच्या कप्प्याचं पोट लांबच लांब मागे गेलेलं. सात जणांना त्यात चढताना काय वाटत असेल, ते पहिल्यांदा डोळ्यांना कळलं. आता दुसऱ्याचं मॉडेल बघतानाही मी आधी खाली वाकते. जोडरेषा दिसते का, डिकलखाली (पाण्याने चिकटवायच्या चिन्हांच्या चित्रांखाली) हवा अडकून चंदेरी झाली आहे का, ही पोलीसगिरी नंतर. बहुतेकदा तोवर तिची इच्छाच उरत नाही.

काळ्या रंगाचंही तसंच. लँकॅस्टरचं पोट काळं, म्हणून मी काळी बाटली काढून ठेवली होती. तुम्ही ती परत ठेवायला लावलीत. दोन फुटांवरून १/७२ मॉडेल बघणं म्हणजे खरं विमान १४४ फुटांवरून बघणं, आणि तेवढ्या अंतरावर काळं काळं राहत नाही, मधली हवा त्याला फिकं करते. म्हणून राखाडी मिसळलेला काळा. शुद्ध काळ्यात सगळे उठाव गिळले गेले असते. आता दरवाज्यांच्या कडा, रिव्हेटच्या रांगा, सगळं वाचता येतं.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही, आणि ऐकणारही नाही. पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या खाचांमध्ये, गडद वॉश (पातळ केलेला रंग) सोडायला तुमचा विरोध आहे. ०.२ मिलिमीटरची खाच म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची चर, असा हिशेब तुम्ही तोंडावर मारलात. हिशेब बरोबर आहे. तरी मी वॉश सोडला. हलका, तपकिरी, पण सोडला. फोटो पाठवते आहे, तुम्ही नाक मुरडणार हे गृहीत धरून.

आता तुमच्याकडच्या त्या अपुऱ्या किटचं काय? त्यावर बरेच दिवस विचार करत होते. तळावर उभ्या असलेल्या विमानांच्या कॉकपिटवर कॅनव्हासचं आवरण घालत असत. ते घातलं की खाली काच आहे की नाही, कोण बघतो? टिश्यू पाण्यात कालवलेल्या पांढऱ्या डिंकात भिजवला की वाळल्यावर हुबेहूब ताडपत्री होते, ही युक्ती तुमचीच. मी माझ्या कॅनॉपीवर प्लॅस्टिकची पातळ फिल्म ताणून त्यावर टिश्यू घालते, म्हणजे किट एकच असल्याने माप आपोआप बरोबर येईल. कडेचे दोर गरम करून ताणलेल्या स्प्रूचे करीन. तुम्ही फक्त कॅनव्हास हिरवट हवा की मातकट ते कळवा, आणि तोवर पंख जोडायला घ्या.

तुमची,
लँकॅस्टरवाली