मुलांच्या लेखनाचा कच्चा खर्डा जपायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आमच्या शाळेत विद्यार्थ्यांच्या हस्तलिखिताचे प्रकाशन होते. नाशिककरांना तो दिवस घरचाच वाटतो. मी २२ वर्षे माध्यमिक वर्गांना मराठी शिकवते आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे हस्तलिखिताचे काम माझ्याकडे आहे. मुखपृष्ठ चित्रकलेचे सर करतात, लेख मुलांचे असतात; पण पानांवरचे अक्षर मात्र वर्गातील चार-पाच सुंदर हस्ताक्षराच्या मुलींचेच असते. ज्याचे अक्षर किरटे, त्याचा लेख दुसऱ्याच्या हातून उतरतो आणि त्याने स्वतः खाडाखोड करून लिहिलेला कागद केराच्या टोपलीत जातो. गेली चार वर्षे आम्ही हस्तलिखिताच्या जोडीला वर्गाचा ब्लॉगही चालवतो. शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठीच्या अशा व्यवस्थांमध्ये ज्या नवनव्या सोयी येत आहेत, त्यांची चर्चा आपल्याकडे 'मुले तंत्रज्ञान शिकतात' एवढ्यावरच थांबते. त्यांतील कोणती सोय वापरावी आणि कोणती बंद ठेवावी, हा शिक्षकापुढचा खरा प्रश्न बाजूला राहतो. म्हणून हे पत्र.

हा प्रकार शाळांसाठी अगदी नवा नाही. केवळ शिक्षणक्षेत्रासाठी काढलेली एज्युब्लॉग्ज ही सेवा २००५ पासून आहे आणि ब्लॉग चालवण्याच्या ज्या वर्डप्रेस प्रणालीवर ती उभी आहे, ती २००३ची. या प्रणालीत प्रत्येक सदस्याला एक भूमिका दिलेली असते. 'कॉन्ट्रिब्युटर' ही भूमिका मिळालेला विद्यार्थी लेख लिहू शकतो, त्यात फेरफार करू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही; त्याचा लेख येऊन थांबतो आणि शिक्षकाने वाचून मंजूर केल्यावरच बाहेर दिसतो. याच भूमिकेत मुलाला एरवी स्वतः छायाचित्रही चढवता येत नाही. पहिल्या वर्षी मला याचा त्रास वाटला होता, कारण प्रत्येक चित्र माझ्या हातूनच जायचे. आता ते बंधन मला हवेसे वाटते. घराची पाटी, धाकट्या बहिणीचा गणवेशातला फोटो, वडिलांच्या गाडीचा क्रमांक या गोष्टी मुले सहज लावू पाहतात आणि त्या वेळीच कोणा मोठ्या माणसाच्या नजरेस पडणे गरजेचे असते.

मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय मात्र वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. लेखात दुरुस्ती केली तरी आधीचे रूप पुसले जात नाही. त्या लेखाच्या जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी शेजारी उघडता येतात आणि काढलेला मजकूर तांबड्या, तर नवा मजकूर हिरव्या रंगात दिसतो. गेल्या वर्षी दिंडोरी तालुक्यातून मामाकडे शिकायला आलेल्या आठवीतील एका मुलाने घरच्या द्राक्षबागेवर लिहिले. पहिला खर्डा सहा ओळींचा होता आणि त्यात 'एप्रिलला खरड छाटणी झाली की बाग बोडकी होते' हे एकच वाक्य त्याचे स्वतःचे होते, बाकी सारे पाठ्यपुस्तकातले. मी त्याला एवढेच विचारले, की बाग बोडकी होते तेव्हा तू कुठे असतोस? दुसऱ्या खर्ड्यात तो बागेच्या ओळींत शिरला आणि छाटलेल्या काड्या गोळा करून बांधावर नेऊन टाकू लागला. तिसऱ्या खर्ड्यात ऑक्टोबर छाटणी आली. काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून रासायनिक पेस्ट लावतात, तेव्हा आई दोन-दोन हातमोजे चढवते आणि तरीही त्या रात्री पिठाला हात लावत नाही, भाकरी बाबा करतात, हे त्याने लिहिले. सहा ओळींचे दीड पान कसे झाले, ते आम्ही दोघांनी पडद्यावर तांबड्या-हिरव्या रंगांत पाहिले. हस्तलिखिताच्या पद्धतीत यातला फक्त शेवटचा मजकूर उरला असता, तोही दुसऱ्याच्या अक्षरात.

डिसेंबर २०२५मध्ये आलेल्या वर्डप्रेसच्या ६.९ या आवृत्तीत लेखाच्या एखाद्या परिच्छेदालाच टिपण जोडण्याची सोय झाली आहे. वहीच्या समासात आपण तांबड्या शाईने लिहितो तसेच हे आहे, फरक इतकाच की मुलाला त्या टिपणाखाली उत्तर देता येते. वहीच्या समासात तेवढी जागा कधीच नव्हती आणि मुलांच्या मनात तशी सवयही नव्हती. शिक्षकाच्या शेऱ्याला 'पण बाई, मला असे म्हणायचे होते' असे उत्तर लेखी आले, की शिकवणे खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी समजते.

याच्या नेमके उलट काम करणारी सोय म्हणजे एका कळीवर मजकूर 'सुधारून' देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य. द्राक्षबागेवर लिहिणाऱ्या त्या मुलाने ते घरी मोबाइलवर वापरून पाहिले आणि सुधारलेला लेख चौथा खर्डा म्हणून पाठवला. त्यात 'बाग बोडकी होते' याचे 'द्राक्षउद्यान निष्पर्ण भासू लागते' झाले होते. आईचे हातमोजे गेले होते, बाबांची भाकरी गेली होती, आणि त्या जागी 'आईचे कष्ट शब्दांत मांडणे अशक्य आहे' असे वाक्य आले होते. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. मुलगा खूश होता, कारण त्याला वाटले की आता हा लेख वर्गातल्या हुशार मुलांच्या लेखांसारखा झाला. जुनी आवृत्ती जपलेली होती म्हणूनच मी त्याला दोन्ही समोर ठेवून, यांपैकी कोणत्या लेखातली आई तुझी आहे, असे विचारू शकले. त्याने तिसरा खर्डा परत आणला. माझे स्पष्ट मत आहे, की दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी मजकूर बदलून देणारी ही सोय शाळेच्या खात्यात बंद ठेवावी. शुद्धलेखन तपासून चूक कुठे आहे एवढेच दाखवणारे साधन चालेल, पण तेही शिक्षकाने आशय वाचल्यानंतर. साठ-साठ मुलांचा वर्ग आणि वह्यांचे गठ्ठे मलाही ठाऊक आहेत, आणि शेरे यंत्राकडून लिहून घेण्याचा मोह किती मोठा असतो तेही मी जाणते. तरीही, प्रत्येक लेखावर शिक्षकाने विचारलेला एकच प्रश्न यंत्राच्या दहा ओळींच्या शेऱ्यापेक्षा मुलाला पुढे नेतो, असा माझा अनुभव आहे.

प्रतिक्रियांबाबत आम्ही एकदा चटका सोसला आहे. सुरुवातीच्या वर्षी आम्ही एका मोफत सेवेवर सर्वांना खुला असलेला ब्लॉग काढला होता. सातवीतील एका मुलीच्या कवितेखाली कोणा अनोळखी माणसाने रात्री अश्लील मजकूर लिहिला. मला तो सकाळी शाळेत निघताना दिसला आणि मी लगेच काढला, पण तोपर्यंत त्या मुलीच्या चुलतभावाने तो पाहिला होता. पुढे दोन महिने तिने काही लिहिले नाही. प्रतिक्रिया आधी शिक्षकाकडे थांबाव्यात, ही सोय त्या सेवेत तेव्हाही होती. ती चालू करायला हवी हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही पाहिले नव्हते. चूक आमची होती. आज आमचा ब्लॉग केवळ विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांनाच सांकेतिक शब्द देऊन उघडता येतो. मुलांनी एकमेकांना प्रतिक्रिया देताना 'छान', 'मस्त' असे न लिहिता लेखातले आपल्याला आवडलेले किंवा अडलेले एक वाक्य उचलून त्याविषयी लिहायचे, हा नियम आम्ही केला आहे. तो मुले पाळतात. पालकांना मात्र पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

कायद्याच्या दृष्टीनेही शाळांनी आता जागे व्हायला हवे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची, पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व घालून दिले आहे. मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींनाही त्यात मनाई आहे. शाळेच्या ब्लॉगवर मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि छायाचित्र एकाच पानावर देण्याची हौस आपल्याकडे फार आहे. आम्ही फक्त पहिले नाव देतो आणि वर्गाचे छायाचित्र मुळीच लावत नाही.

आता मराठीचा प्रश्न. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर या व्यवस्थांमध्ये अगम्य चिन्हांसारखा दिसतो, म्हणून शाळांनी युनिकोड हीच, सर्व यंत्रांवर अक्षरे सारखी दाखवणारी, पद्धत वापरायला हवी, हे एव्हाना सर्वांना पटलेले आहे. पण युनिकोड आले म्हणून सारे संपले असे नाही. सह्याद्रीच्या 'दऱ्या'ऐवजी मुले मोबाइलवर 'दर्या' लिहितात, 'आचाऱ्याने जेवण वाढले' याऐवजी 'आचार्याने जेवण वाढले' असे होते, कारण त्यासाठी लागणारा नुक्त्याचा 'ऱ' कळफलकावर कुठे दडला आहे हे त्यांना माहीत नसते. हा दोष मुलांच्या शुद्धलेखनाचा नाही. संगणकाच्या शिक्षकांनी इनस्क्रिप्ट कळफलक शिकवताना एक तास या अक्षरासाठी द्यावा. त्याचप्रमाणे ज्या व्यवस्थांच्या सूचना आणि बटणे मराठीत आहेत, त्यांनाच शाळांनी प्राधान्य द्यावे, कारण पेठ, सुरगाण्याकडच्या आदिवासी भागातल्या शाळेतील मूल इंग्रजी सूचनांपुढे अडून राहिले, तर पुढच्या सोयींचा त्याला काही उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत निकडीचा वाटतो. या सेवा कायमच्या नसतात. याहूची जिओसिटीज ही सेवा २००९ साली बंद झाली आणि शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेली विकिस्पेसेस २०१८ साली. आमच्या त्या पहिल्या मोफत सेवेनेही नंतर जुनी खाती काढून टाकली आणि एका पूर्ण वर्गाचे वर्षभराचे लेखन गेले. ती मुले आता महाविद्यालयात आहेत आणि अजून मला भेटल्यावर त्याबद्दल विचारतात. वर्डप्रेसमध्ये सारा मजकूर एका फायलीत उतरवून घेण्याची सोय आहे, इतरही काही सेवांमध्ये ती असते, पण ती शोधून वापरणारे शिक्षक माझ्या पाहण्यात फार थोडे आहेत. आम्ही आता दर एप्रिलमध्ये सर्व लेखन शाळेच्या संगणकावर उतरवतो, निवडक लेख त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यासह छापतो आणि ती बांधीव प्रत हस्तलिखिताशेजारी कपाटात ठेवतो.

जिल्हा परिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या शिक्षण विभागांना माझी विनंती आहे, की त्यांनी शाळांसाठी याबाबत एक पानभर मार्गदर्शक सूचना मराठीत काढाव्यात. लेख आणि प्रतिक्रिया शिक्षकाच्या मंजुरीनंतरच प्रसिद्ध व्हाव्यात, मजकूर बदलून देणारे साहाय्य बंद असावे, जुन्या आवृत्त्या पुसू नयेत आणि वर्षअखेरीस सर्व लेखन उतरवून घ्यावे, एवढे त्यात असले तरी पुरे. पालकांच्या संमतीचा नमुनाही सोबत दिला, तर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच त्यावर सह्या घेता येतील. आपल्या दैनिकाने या विषयावर इतर शिक्षकांचे अनुभव मागवून छापावेत, विशेषतः ज्या शाळांत संगणककक्ष नाही आणि सारे काही शिक्षकाच्या एका मोबाइलवर चालते, तिथल्या शिक्षकांचे. त्यांनी ही वाट कशी काढली आहे, ते मला वाचायचे आहे.

आपली विश्वासू,
एक मराठी शिक्षिका,
पंचवटी, नाशिक