शाल मिळाली, आता शाळा द्या : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

या पत्रात तुमचं नाव आणि खातं लिहिलेलं नाही. खाती बदलत असतात आणि आमच्या वाडीतून निघालेलं टपाल मुंबईला पोचेपर्यंत बरंच काही बदललेलं असतं. वाडीचं नावही लिहीत नाही, कारण लिहिलं तर चौकशी आमच्या गुरुजींची लागायची, तुमची नव्हे. कोकणातली एक वाडी, एवढं पुरे.

आपली भेट झालेली आहे. तुम्हाला आठवणार नाही, मला आठवते. गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी मुंबई सोडून परत आलेल्या कुटुंबांचा सत्कार होता. आम्हाला शाल, श्रीफळ आणि हापूसचं एक कलम मिळालं. तुम्ही माझ्या मुलाला विचारलंत, "मोठेपणी कोण होणार?" तो म्हणाला, "कंडक्टर." तुम्ही हसलात, मंडप हसला. मग माइक हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "अशी तरुण जोडपी गावात आली पाहिजेत. तुम्ही या, सोयी आम्ही देतो." टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करते.

यंदा १६ जूनला शाळा उघडायची होती. मुलगा दुसरीत गेला म्हणून नवं दप्तर, नवी रेनकोट-टोपी. चार मुलं पायरीवर जाऊन बसली. हो, आमच्या शाळेत चारच मुलं आहेत, आकडा मी लपवत नाही. माझा एक, शेजारच्या घरातली चौथीतली मुलगी, आणि आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्याचे दोन मुलगे. आमच्या वाडीचा पट अर्धा नेपाळने सावरून धरलाय. मुलं साडेअकरापर्यंत बसली. कुलूप उघडलं नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तांदळाचा डबा घेऊन उभ्याच. दुपारी कळलं की गुरुजींना 'कामगिरीवर' पाठवलंय. किती मर्दानी शब्द! गडावर मोहिमेला गेल्यासारखा. गेलेत बिचारे मोठ्या गावच्या शाळेत, तिथे शिक्षक कमी पडले म्हणून. आणि आमच्या मुलांचं 'नजीकच्या शाळेत समायोजन' झालंय.

नजीक म्हणजे किती ते सांगते. यजमानांनी मोजलं, साडेचार किलोमीटर. त्यातला शेवटचा तुकडा गाडीचा नाही, पाखाडीचा, म्हणजे पायवाटेचा आहे. मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा लागतो, त्यावर साकव, म्हणजे छोटा पायपूल. जुलैत तीन-चार वेळा तरी पाणी साकवावरून जातं. एका बाजूचा कठडा दोन पावसाळ्यांपूर्वी गेला, तो अजून समुद्रातून परत आलेला नाही. सात वर्षांच्या मुलाला मी यावरून पाठवायचं. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत असावी असं लिहिलंय. हे मी मोबाइलवर वाचलं, तेही सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर चढून, कारण घरात रेंज नाही.

विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "वाहतूक भत्ता मिळेल की." भत्ता मिळेल, वाहन कुठून मिळेल? रिक्षावाला म्हणतो, चार पोरांसाठी गाडी घालणं परवडत नाही, महिना १०,००० द्या. बरोबर आहे त्याचं, तोही पोटासाठीच बसलाय. दुसऱ्या एकांनी फार प्रेमाने सल्ला दिला, "ताई, तुम्ही बी.कॉम. आहात, घरीच शिकवा ना." शिकवीन. मग शिक्षकाचा पगारही घरीच पाठवा.

मी मूळची डोंबिवलीची, साहेब. गाव म्हणजे मे महिन्यातले आठ दिवस आणि गणपती, एवढीच माझी ओळख. लग्नानंतर विरारला वन-आरके, ८,५०० भाडं, यजमान अंधेरीला कामाला. सकाळी सहाला घर सोडायचे, रात्री नऊला यायचे, मुलाने बाबाला जागं बघितलं ते रविवारी. लॉकडाऊनमध्ये गावी अडकलो तेव्हा पहिल्यांदा पोरगं बापाच्या खांद्यावर बसून खळ्यात हिंडलं. तिथूनच डोक्यात किडा शिरला. २०२२ च्या मे महिन्यात टेम्पोत संसार भरला आणि आलो. धाकटी तेव्हा दीड वर्षाची होती. माझ्या आईने बोलणं टाकलं होतं. सासूबाईसुद्धा म्हणाल्या होत्या, "आम्ही पोरांना इथून बाहेर काढायला जन्म घालवला, तुम्ही उलटे येताय."

तेव्हा वाडीत ३१ घरं, त्यातल्या नऊ घरांत दिवा. बाकीची गणपतीत उघडतात, पाच दिवस भजनाने वाडी दणाणते, मग पुन्हा कड्या. संध्याकाळी सातनंतर एवढा काळोख आणि एवढी शांतता, की पहिले दोन महिने मला झोप लागत नव्हती. लोकलच्या आवाजाची सवय! वानरांनी परस केळ्यांसकट साफ केलं. यजमान वायरमनची कामं करतात आणि काजूची बाग बघतात, मी आमसुलं आणि फणसाच्या पोळ्या करून मुंबईला पाठवते. काजू सोलायचं लहान युनिट टाकायचं होतं, त्यासाठी बँकेत गेलो. सातबारा सामायिक, त्यावर ४२ नावं. बँकेतले साहेब म्हणाले, सगळ्यांच्या सह्या आणा. त्यातले ११ वारले आहेत, एक दुबईला आहे, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. युनिट राहिलं. रडगाणं गाते असं समजू नका, हे सगळं सोसायचं ठरवूनच आलो होतो.

पण एक रात्र ठरवून आलो नव्हतो. पहिल्याच वर्षीच्या ऑक्टोबरात धाकटीला विंचू चावला. लाकडं काढताना माझ्या पायाशी खेळत होती. थोड्या वेळात अंग घामाने भिजलं, हातपाय गार, उलट्या. १०८ लावायला यजमान बॅटरी घेऊन सड्यावर धावले. रुग्णवाहिका लांबच्या गावी होती, यायला दीड तास म्हणाले. शेवटी नेपाळी बहादूरच्या मोटरसायकलवर आम्ही तिघं आणि मांडीवर ती, आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टर मीटिंगला जिल्ह्याला. सिस्टरबाईंनी हिमतीने फोनवर विचारून गोळी दिली, रात्रभर उशाशी बसल्या. पोर वाचली. साहेब, ज्या गोळीने ती वाचली त्या प्राझोसिनचा विंचूदंशावरचा उपयोग याच कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रातून सुरुवात करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या केंद्रात डॉक्टर खरोखर राहिला तर काय होतं, त्याचं उदाहरण आमच्याच मातीत आहे. आम्ही मात्र विंचवाने पुढच्या वेळी मीटिंगचा वार बघून चावावं, अशी प्रार्थना करायची.

त्या रात्रीनंतरही आम्ही परत गेलो नाही. का, याचं उत्तर शाळा. गुरुजी एकटे चारही इयत्ता घ्यायचे, पण काय घ्यायचे! नेपाळी पोरगा सहा महिन्यांत मराठी कविता तालावर म्हणू लागला. माझा मुलगा खेकड्याचे पाय मोजून बेरीज शिकला. विरारला ज्या इंग्रजी शाळेची फी भरायला मी दागिना मोडणार होते, तिथे एका वर्गात ६२ मुलं होती. इथे एका शिक्षकामागे चार. श्रीमंतांच्या शाळा हेच प्रमाण जाहिरातीत छापतात आणि लाखो रुपये घेतात. आमच्याकडे आलं की त्याला 'अत्यल्प पट' म्हणायचं.

आता मी जरा आकडे फेकते, चुकले तर तुमच्या सचिवांनी दुरुस्त करावेत, तेवढ्या निमित्ताने तरी कुणी फाइल उघडेल. २०२३ मध्ये पेपरात आलं होतं की राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आहेत आणि त्यांत १ लाख ८५ हजार मुलं. मी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, शाळेमागे साडेबारा. या साडेबारांची मोट बांधून समूह शाळा करायच्या, पानशेत आणि तोरणमाळसारख्या, असा विचार तेव्हा निघाला होता. वाशिम जिल्ह्यातल्या गणेशपूरला त्याच वर्षी एकाच विद्यार्थ्यासाठी शाळा चालत होती, त्याची बातमी देशभर झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. कौतुक करायला एक मूल चालतं, शिक्षक द्यायला चार पुरत नाहीत.

दुसरा आकडा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांत माणसं कमी झाली. रत्नागिरीत सुमारे ८२ हजार, सिंधुदुर्गात १९ हजार, मिळून एक लाख. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. हे स्त्रीजन्माचं स्वागत नाही हो, पुरुष मुंबईत आहेत. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, म्हणजे आणखी किती कड्या लागल्या ते तुम्हालाही माहीत नाही. पट मात्र दरवर्षी मोजता, तेवढी मोजणी चुकत नाही.

आम्ही आलो तेव्हा वाडीत शाळेच्या वयाची मुलं दोन होती. आता चार. शंभर टक्के वाढ, साहेब! मंत्रालयातल्या कुठल्या खात्याची शंभर टक्के वाढ झाली ते सांगा, मी शाल घेऊन येते. पुढच्या वर्षी धाकटी पहिलीत जाईल, चौथीतली मुलगी वर जाईल, म्हणजे पुन्हा चार. आणि यजमानांचा नालासोपाऱ्याचा मित्र दोन मुलांना घेऊन यायच्या तयारीत होता, घराची कौलंसुद्धा शेकारून घेतली होती. १७ जूनला त्याचा फोन आला. शाळा बंद झाली म्हणे? मी खोटं बोलू शकले नाही. तो आता येत नाही. सहा मुलांची शाळा तुमच्या एका कागदाने दोन दिवसांत चाराची झाली आणि चाराची शून्याची. आता कुणी म्हणेल, शून्य पटासाठी शाळा कशाला. आणि ते तुमच्या हिशेबात अगदी बरोबर असेल.

आमचे भाऊजी सांगतात, जपानमध्ये मुलं घेऊन टोकियो सोडून खेड्यात राहायला जाणाऱ्या कुटुंबाला २०२३ पासून दर मुलामागे १० लाख येनपर्यंत पैसे देतात. मला येन नकोत. मला गुरुजी हवेत.

पैसे नाहीत म्हणू नका. नागपूरहून गोव्याला झटकन जाता यावं म्हणून ८० हजार कोटींच्या वरचा शक्तिपीठ महामार्ग काढता. आमचा मुंबई-गोवा रस्ता २०११ पासून चौपदरी होतोय, त्याच्या दर गणपतीला नव्या तारखा येतात, त्याबद्दल मी बोलणारच नाही, कोकणी माणसाने त्यावर बोलणं सोडलंय. प्रकल्पाला जमीन हवी असली की ड्रोन येतो, आमचा सडा नकाशावर लगेच सापडतो. शिक्षक पाठवायचा म्हटलं की वाडी दुर्गम होते. मतदान यंत्र मात्र गेल्या निवडणुकीत याच शाळेत, याच साकवावरून आलं होतं. त्याच्याबरोबर सहा माणसं आणि एक पोलीस, नऊ घरांच्या मतांसाठी. मग चार मुलांसाठी एक माणूस जास्त होतो?

१९१७ मध्ये राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. माझं मूल रोज पायरीवर जाऊन बसतं, साहेब. दंड कुणाला लावायचा, तेवढं कळवा.

मागणी अगदी लहान आहे. गुरुजींना कामगिरीवरून परत पाठवा, ते नाही तर दुसरे, पण कायमचे. आणि साकवाचा कठडा. बाकी सातबारा, रेंज, डॉक्टर, वानरं यांच्याशी आम्ही आमचं बघून घेऊ, तीन वर्षं बघतोच आहोत.

कळावे,
आपल्या हस्ते सत्कार झालेली,
एक आई

ता. क. : तुमची शाल परत पाठवणार होते. पण सध्या शाळेच्या पडवीत ती अंथरलेली आहे, चार मुलं तिच्यावर बसतात आणि मी सकाळी दहा ते बारा शिकवते. पाऊस तिरपा आला की उठावं लागतं. येणार असाल तर साकवापर्यंत गाडी येत नाही, उतरून चालावं लागेल. शाळेची किल्ली पोषण आहाराच्या मावशींकडे आहे, पण त्या म्हणतात, लेखी आल्याशिवाय उघडणार नाही.