फळं घरी खा, रोपं विक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. पगारात भागत नाही, घरामागचं अंगण नुसतं पडून आहे, तर तिथे चार फळझाडं लावून वरखर्च सुटेल का, असं विचारतोयस. सुटेल. पण तू ठरवलंयस तसं फळं विकून नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधा हिशेब मांड. पेरूच्या एका झाडाला दहा फूट बाय दहा फूट जागा तरी हवी. कलम लावल्यावर दोन-तीन वर्षं हाती फारसं काही लागत नाही. लागायला लागलं की सगळं एकदम पिकतं आणि तेव्हा बाजारातही पेरूचेच ढीग पडलेले असतात. पक्षी, वटवाघळं, फळमाशी यांचा वाटा आधीच गेलेला असतो, आणि उरलेलं फळ पिकल्यावर चार दिवसही दम धरत नाही. आता तीच शंभर चौरस फूट जागा घे. सहा इंच रुंदीच्या पिशव्या खेटून लावल्या तर चौरस फुटात चार मावतात. निम्मी जागा चालायला, वाकायला सोडली तरी दोनशे रोपं झाली. शिवाय रोप आज गेलं नाही तर महिन्याने जातं, तेही थोडं वाढून. म्हणून म्हणतो, फळं घरी खा, आल्यागेल्याला चाखायला दे आणि रोपं विक. चव घेतलेला माणूस रोप मागितल्याशिवाय सहसा हलत नाही.

यासाठी जमिनीत दोन-चारच झाडं लागतील. ती आपली मातृवृक्ष. चांगल्या जातीची, निरोगी, खात्रीच्या ठिकाणाहून आणलेली. इथे पैसे वाचवू नकोस, कारण पुढची सगळी रोपं त्यांचीच पोरं.

पहिलं झाड अंजिराचं लाव. पानं गळून झाड झोपलं की छाटणी करायचीच असते, आणि छाटलेल्या काड्या हाच आपला कच्चा माल. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्यायची. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली आणि आडवा, वरचा तिरका, म्हणजे काडी उलटी खोचली जात नाही. दोन तृतीयांश काडी वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात पुरायची, सावलीत ठेवायची. अंजिराचा चीक मात्र अंगावर घेऊ नकोस. तो लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, तेव्हा हातमोजे घाल. जॉर्डन खोऱ्यात गिलगाल इथे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची, बी न धरणारी अंजिरं सापडली, आणि ती झाडं माणसानेच फांद्या लावून वाढवली असावीत, असं काही संशोधकांनी २००६ साली मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण खरं असेल तर हा धंदा धान्याच्या शेतीहूनही जुना ठरतो! डाळिंब, द्राक्ष, तुती यांचंही अंजिरासारखंच. ड्रॅगनफ्रूटची कांडी मात्र कापल्याबरोबर मातीत घालायची नाही. काप आठवडाभर सुकू द्यायचा, नाहीतर सडते.

पेरू, लिंबू, लिची यांना गुटी बांध, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू दे आणि मग ती कापून घे. मला स्वतःला यात सर्वांत जास्त मजा येते. साधारण बोटाएवढी जाड, जोमदार फांदी निवडायची आणि टोकापासून फूट-दीड फुटावर इंचभर रुंदीची साल गोल सोलून काढायची. सालीखाली बोटाला बुळबुळीत लागणारा थर असतो, तो चाकूच्या पाठीने पुरता खरवडायचा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरत असतं, ते कापाच्या वर येऊन अडतं आणि मुळं तिथेच धरतात. पाणी आतल्या लाकडातून वर चढतच राहतं, त्यामुळे फांदी वाळत नाही. त्या जागेवर भिजवून घट्ट पिळलेलं शेवाळ (मॉस) लपेटायचं, वरून पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने करकचून बांधायची. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. लगेच कापायची घाई करू नकोस. मुळं जरा तपकिरी होऊन त्यांचं जाळं झालं की गुटी उतरवायची, निम्मी पानं काढून टाकायची आणि रोप दोन-तीन आठवडे दाट सावलीत ठेवायचं. अशा रोपाला फळ लवकर येतं. कुंडीतल्या रोपावर एखादं फळ लटकलेलं दिसलं की गिऱ्हाईक घासाघीसही करत नाही.

बियांपासून केलेल्या रोपांचं जपून. आंब्याच्या बऱ्याच जातींची कोय लावली तर झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून तिथे कलमच करावं लागतं. ते हाताला बसायला वेळ लागतो, पहिल्या वर्षी त्याच्या फंदात पडू नकोस. पपई बियांपासूनच होते, पण नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. तेव्हा एका पिशवीत तीन रोपं वाढवून तशीच विकायची आणि घेणाऱ्याला सांगायचं, तिन्ही एकाच खड्ड्यात लाव, फुलं आली की फळ धरणारं ठेव, बाकीची काढ. हे दोन वाक्यांत सांगितलं की तो पुढच्या वेळी तुझ्याकडेच येतो.

रोप घेणाऱ्याला आज फक्त पानं दिसतात. खरं काय घेतलं ते कळायला त्याला दोन-तीन वर्षं जातात, आणि तोवर तुझ्या शब्दाखेरीज त्याच्या हातात काही नसतं. म्हणून काडी लावतानाच लेबल खोच: जात, तारीख, कुठल्या झाडाची. लेबल पेन्सिलीने लिही. शाईच्या पेनचं उन्हात उडून जातं. ज्याचं लेबल हरवलं ते रोप ‘जात माहीत नाही’ असं सांगून स्वस्तात दे, अंदाजाने नाव चिकटवू नकोस.

नावावरून आणखी एक. काही नव्या जातींवर पैदासकाराचा, म्हणजे ती जात तयार करणाऱ्याचा, हक्क असतो. १९६१ साली पॅरिसमध्ये यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या १९९१ च्या सुधारणेप्रमाणे झाडं आणि वेलींवरचा हा हक्क किमान २५ वर्षं चालतो. अशा जातीची काडी परवानगीशिवाय वाढवून विकता येत नाही, मग झाड तू पैसे मोजून घेतलेलं का असेना. जुन्या, सर्वांच्या झालेल्या जातीच धर. रोपं विकायला तुझ्याकडे परवाना लागतो का तेही कृषी खात्यात आधी विचार. लिंबूवर्गीय रोपांबाबत तर नक्कीच विचार, कारण ग्रीनिंग रोग कलमातून आणि सिला नावाच्या बारीक किडीतून पसरतो, त्यावर इलाज नाही, आणि म्हणून अनेक ठिकाणी ही रोपं हलवण्यावर निर्बंध असतात.

पैशाचं सांगतो. पिशवी, माती, खत, लेबल, पाणी हे सगळं वहीत मांड, आणि मेलेल्या काड्यांचा खर्च जगलेल्या रोपांवर चढव. शंभर काड्यांची शंभर रोपं कधीच होत नाहीत. जास्तीत जास्त रोपं मरतात ती पाण्याच्या लाडाने: माती सतत ओली राहिली की कोवळी रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. मागणी लागवडीच्या हंगामात एकदम येते आणि मग ओसरते. त्या वेळी विकलं न गेलेलं रोप लहान पिशवीत तसंच ठेवलंस तर मुळं गोल गोल गुंडाळून बसतात. ते मोठ्या पिशवीत हलव आणि पुढच्या हंगामात चढ्या भावाने विक. पहिल्या वर्षी खर्च भरून निघाला तरी पुष्कळ झालं असं समज. नोकरी सोडायचा विचार मात्र डोक्यातून काढून टाक. अंगण एवढंच आहे आणि ते एवढंच राहणार.

आता लगेच करायचं ते असं. अंगणात ऊन कुठे किती तास येतं ते आठवडाभर बघून कागदावर काढ. सहा तासांहून जास्त ऊन येतं तिथे मातृवृक्ष, सावलीच्या कडेला रोपं. तो कागद मला पाठव. माझं अंजीर पानं गाळायला लागलं की काड्या ओल्या कापडात गुंडाळून पाठवतो. पिशव्या आणून ठेव, वाळू धुऊन ठेव, माती मात्र आत्ताच भरू नकोस, तण माजेल. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना दोस्त